नववा प्रश्न

पत्र लिस्बनहून आलंय.
येत्या मे महिन्यात पन्नास वर्षं होतात म्हणे,
तेव्हा कला आणि समाज यांवरच्या
आपल्या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्याचा इतिहास
मी लिहून द्यावा, दोन पानांत,
सोबत एखादा फोटो.
जुन्यांपैकी पत्ता माझाच तेवढा बदललेला नाही.

तर लिहिते.
सुरुवात धंतोलीत, एका दवाखान्यावरच्या खोलीत.
खाली कंपाउंडर खलात पुड्या घोटायचा,
वर पाच जण घोटत होते एकच शब्द, समाज.
इंग्रजीत बसला की फ्रेंचमध्ये सांडायचा,
तिकडे भरला की मराठीत उणा.
तीन दिवस हेच.
चौथ्या दिवशी दुपारी कूलरचं पाणी संपलं
आणि घटना एकमताने मंजूर झाली.

मी संशोधक नव्हते, हे नोंदवायला हवं.
मी टाइपिस्ट. कौसल्या हेडाऊ, गोळीबार चौक.
महिना दीडशे, शिवाय पोस्टाचा हिशेब.
स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवायचा,
शाई कोपरापर्यंत.
एकेचाळीस देश, एकशे बारा पाकिटं.
डाकार, मॉन्टेव्हिडिओ, लायप्झिग, सुवा,
ही गावं मला
तिकिटाच्या डिंकाच्या चवीने पाठ आहेत.

एका वर्षी विषय निघाला : लोप पावणारे हस्तव्यवसाय.
प्रश्नावली सत्तावीस पानी. टाइप मीच केली.
प्रश्न नववा,
तुमच्या कुटुंबातील शेवटचा कारागीर कोण?
माझ्या बापाने माग विकून
मला टायपिंगच्या क्लासात घातलं होतं.
नवव्या प्रश्नाखाली मी नियमाप्रमाणे
दोन ओळींची जागा मोकळी सोडली
आणि दहाव्याला लागले.
कोणी विचारलं नाही. मी तरी काऊन सांगू?

नंतर ल्युब्लियानाहून मिलेना आली,
पोळ्याच्या पाडव्याला मारबत पाहायला.
मीच नेलं तिला बुधवारीच्या गर्दीतून.
ढोल, गुलाल, कागदाची ती उंच बाई,
इडा पीडा घेऊन जाय गे मारबत,
गल्ली न् गल्ली ओरडत होती.
तिने बांबू बांधणाऱ्या म्हाताऱ्याला विचारायला लावलं,
मागच्या वर्षीची कुठे जपून ठेवली आहे?
"जाळली ना बाप्पा," तो म्हणाला,
"ठेवली तं पीडा घरातच राहून जाईन का नाही?"
हे मी तिला तीनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा तिने पेनाचं टोपण लावलं.
तिचा निबंध कधीच आला नाही.
आलेल्या तीनशे सहा निबंधांपेक्षा
माझ्या मते तो चांगला होता.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल.
प्राध्यापक चौथाईवाले गेले.
पैसे जिथून यायचे तिथे कचेरी गेली,
टाइपरायटर मात्र इथेच राहिला, वजनामुळे.
पाकिटं परत येऊ लागली :
इसम मयत. इसम राहत नाही.
एका पाकिटावर तर काहीच शेरा नव्हता.
पोस्टमन शेंदरे उन्हात सायकल धरून उभा,
"बाई, देशच नाही राह्यला त्यांचा,
आता मी हे कोणाच्या दारात टाकू?"
मी त्याला पन्हं दिलं.
दुसरं काय देणार होते?

दोन पानं संपत आली.
फोटो नाही माझ्याकडे.
त्याऐवजी एक धोटा पाठवते आहे,
मागासोबत द्यायचा राहून गेला तो.
आत अजून थोडं निळं सूत आहे,
ओढू नका, तुटेल.

पार्सल घेऊन पोस्टात आले आहे.
परदेशी फॉर्मवर वस्तूच्या वर्णनाला
अर्धीच ओळ आहे.
लिहिलं : लाकडी, वापरलेला.
किंमत रिकामी सोडली, तर खिडकीतली पोरगी म्हणते,
काहीतरी टाकावंच लागते काकू,
शून्य चालत नाही.